विक्षिप्त जादूगार घराण्याची बालकादंबरी: कागदावर आधी काय, नंतर काय

जादूची विनोदी बालकादंबरी लिहायला बसणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी गमतीदार नावे शोधतात आणि दुसऱ्या दिवशी जादू सुरू करतात. पाचव्या प्रकरणापर्यंत घरात उडती केरसुणी, बोलणारे मांजर, अदृश्य काका आणि काळ थांबवणारे घड्याळ एवढे सगळे जमते, आणि लेखन तिथेच अडते. ज्या घरात काहीही होऊ शकते त्या घरात अडचण म्हणून उरत नाही. अडचण नाही तर हसूही नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: घर, जादूची मर्यादा, जादूची किंमत, माणसे, गोष्टीचा आराखडा, लेखन, मोठ्याने वाचन, छपाई. पहिले चार टप्पे कागदावर उतरल्याशिवाय कादंबरीचे पहिले वाक्य लिहू नका. मोह होतो, पण तेवढा आवरा.

रीत समजावी म्हणून या लेखात एकच कल्पित घराणे घेतले आहे: बेळगावच्या शहापुरात राहणारे, लग्नाकार्याचे मांडे (घडी घातलेल्या पातळ गोड पोळ्या) करून देणारे घडीकर. तुमचे घराणे वेगळे असेल. पायऱ्या याच.

## तयारी

वाचकाचे वय आधी ठरवा. ९ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी २० ते २५ हजार शब्द पुरतात. २२ हजार शब्द धरले तर प्रत्येकी ११०० शब्दांची २० प्रकरणे होतात. ११०० शब्दांचे प्रकरण सावकाश वाचून दाखवायला साधारण दहा मिनिटे लागतात. झोपण्यापूर्वी किंवा शाळेच्या मोकळ्या तासाला एवढे बसते.

दोन वह्या घ्या. एक 'घरवही': तिच्यात नकाशा, नियम, माणसे आणि तारखा. दुसरी कादंबरीची. संगणकावर लिहीत असाल तरी घरवही कागदाचीच ठेवा, कारण लिहिताना ती शेजारी उघडी लागते. एक कोरी वंशावळ काढा, तीन पिढ्यांची. गोष्ट ज्या महिन्यांत घडते त्यांचे कॅलेंडर डकवा. पाऊस, शाळा, गणपती, दिवाळी, लग्नसराई यांच्या तारखा एकमेकींना छेद देत असतील तर ते आत्ताच दिसले पाहिजे.

## टप्पा १: घर आधी काढा

जादूच्या गोष्टीत वाचकाचा पाय जमिनीवर टिकवून ठेवते ते घर. परक्या देशातला मनोरा, तळघर, शेकोटीची चूल असले काही आणू नका. बेळगावच्या मुलाला ते दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर लिहिणाऱ्यालाही दिसत नसते. घर ओळखीचे घ्या: पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, न्हाणी, परसात आड, वर माडी, माथ्यावर कौले.

नकाशात चार गोष्टी मोजून लिहा. दाराची रुंदी. जिन्याच्या पायऱ्या. स्वयंपाकघरातून सोप्यात काय ऐकू येते. रस्त्यावरून आत किती दिसते. विनोदी प्रसंगाला लागणारी सगळी सामग्री या चारांत असते. दार अडीच फुटांचे आहे हे तिसऱ्या पानावर वाचकाला कळले असेल, तरच अकराव्या प्रकरणात दारात काहीतरी अडकल्यावर मूल हसते.

गाव निवडताना ते गाव गोष्टीला काय देते ते पाहा. वडगाव-शहापूर भागात मागांचा खटखटाट असतो. तिथली माणसे ओरडून बोलतात आणि चुकीचे ऐकतात, म्हणजे गैरसमजाची गोष्ट तिथे शोभते. खानापूर तालुक्यात कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, पावसाळ्यात दिवसचे दिवस पाऊस हटत नाही. घरात कोंडलेल्या घराण्याची गोष्ट असेल तर ते गाव घ्या. गोकाकला घटप्रभेचा धबधबा आहे, झुलता पूल आहे, करदंट नावाची मिठाई आहे, रंगवलेली लाकडी खेळणी आहेत. खेळण्यांत जीव ओतणारे घराणे तिथलेच हवे. येळ्ळूरला राजहंसगड आणि खाली भाताची शेते. एक गाव, एक कारण. सगळी ठिकाणे एकाच कादंबरीत कोंबली की सहलीचे वर्णन होते.

तपासणी: नकाशा घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा आणि विचारा, 'रात्री आवाज न करता परसात कसे जायचे?' त्याला वाट सांगता आली तर घर तयार झाले.

## टप्पा २: जादूचा उगम एकच, आणि तो हाताला लागणारा

सर्वांत जास्त हस्तलिखिते इथे बिघडतात, म्हणून इथे वेळ द्या.

घराण्याची जादू एकाच गोष्टीतून यावी आणि ती गोष्ट घरात रोज हाताळली जाणारी असावी. घडीकरांसाठी मांडा घेतला आहे. त्याचे कारण मांडा करण्याच्या रीतीतच आहे. पातळ लाटलेला, आत पिठीसाखर आणि खसखस भरलेला मांडा उलट्या खापरावर पडतो. उतरवल्या क्षणी तो कापडासारखा मऊ असतो, तेवढ्यातच चौकोनी घडी घालावी लागते. हात भाजतात म्हणून थांबलात तर तो गार होऊन कुरकुरीत होतो, आणि मग घडी घालायला गेले की मोडतो. म्हणजे घाई, चटका, एकच संधी आणि मोडण्याची भीती हे सगळे त्या पदार्थातच आहे. जादूला वेगळा ताण जोडावा लागत नाही. शिवाय 'मनातले मांडे' हा वाक्प्रचार प्रत्येक मराठी घरात आहे. ज्या घरात मनातले मांडे खरेच खापरावर पडतात ते घराणे वाचकाला पहिल्याच पानावर कळते.

तुमच्या निवडीलाही हीच कसोटी लावा. त्या वस्तूला स्वतःची रीत आहे का? ती करताना काय चुकते? चुकले की काय दिसते? जादूच्या कांडीला रीत नसते, म्हणून कांडीची गोष्ट लवकर कोरडी पडते. माग, जाते, पाटा-वरवंटा, कुंदा ही बेळगावी मिठाई आटवायची कढई, छत्री दुरुस्तीची पेटी, काहीही चालेल. फक्त ते काम जवळून पाहिलेले हवे.

आता घरवहीत नियमांचे पान लिहा. एका पानापेक्षा जास्त नको. घडीकरांचे पान असे:

१. मनात एक गोष्ट धरून, तिचे नाव पुटपुटत, गरम मांड्याची घडी घातली की तो मांडा खाणाऱ्याजवळ ती गोष्ट येते.
२. आलेली गोष्ट दिवेलागणीपर्यंत राहते, मग जाते.
३. मांडा खाणाऱ्याची भाषा ऐकतो, घडी घालणाऱ्याची नाही.
४. अख्खा खाल्ला तर गोष्ट पूर्ण मापाची, अर्धा खाल्ला तर अर्ध्या मापाची.
५. पैसे येत नाहीत, मेलेले माणूस येत नाही, कुणाचे मन बदलत नाही.

पाचवा नियम न लिहिणे ही मोठी चूक. पैसे आणता येत असतील तर घराणे मांडे विकत कशाला बसेल, हा प्रश्न दहा वर्षांचे मूल पहिल्या तासातच विचारते. काय होऊ शकत नाही याची यादी होऊ शकते त्या यादीइतकी तरी लांब असावी.

नियम वेगवेगळ्या हातांत वेगळे बिघडतात, आणि तिथे विनोद भरपूर मिळतो. आजी अचूक चौकोन घालते. काकांना घाई फार, त्यांचा त्रिकोण होतो आणि आलेली गोष्ट एका बाजूला कललेली असते. अण्णा फुंकर घालत बसतात, मांडा मोडतो, मग गोष्ट येत नाही, नुसता तिचा आवाज येतो. उगम एक, नियम तेच, तीन तऱ्हा. प्रत्येकाला वेगळी शक्ती वाटत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आणि घट्ट.

इशारा: करणी, भानामती, उतारा, अंगात येणे, लिंबू-मिरची हे विनोदासाठी वापरू नका. त्यापायी खऱ्या माणसांचे, विशेषतः बायकांचे, हाल होतात. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३चा आणि कर्नाटकात २०१७चा कायदा आहे. तुमची जादू उघडपणे खोटी, खेळकर आणि स्वयंपाकघरातली ठेवा. मुलाने घरी प्रयोग केला तर जास्तीत जास्त पिठाचा पसारा व्हावा. विस्तव आणि खापराजवळ मोठे माणूस आहे, हेही प्रसंगात दिसू द्या.

## टप्पा ३: किंमत ठरवा

फुकटच्या जादूने कंटाळा येतो. प्रत्येक वापरात काहीतरी जायला हवे, आणि जे जाते ते आधी गमतीचे वाटून पुढे काळजीचे व्हायला हवे. दोन्ही कामे एकाच किमतीने केली की कादंबरीला कणा मिळतो.

घडीकरांची किंमत: प्रत्येक घडीमागे घडी घालणाऱ्याचा एक मराठी शब्द जातो. त्या जागी कन्नड शब्द येतो, कारण बेळगावच्या घरात तो कानावर पडून आधीच आत बसलेला असतो. आजीचे 'मीठ' जाते आणि 'उप्पु' येते. 'पाणी' जाते, 'नीरु' येते. 'दार' जाते, 'बागिलु' येते. इथवर कुणाचे काही अडत नाही. मग अडायला लागते, कारण दोन भाषांत सारखे ऐकू येणारे आणि अर्थाने लांब असलेले शब्द पुष्कळ आहेत:

हत्ति: कन्नडमध्ये कापूस. मराठी कानाला हत्ती.
कायि: कन्नडमध्ये नारळ. मराठी कानाला काय.
बाळे: कन्नडमध्ये केळ. मराठी कानाला लहान मुलीला मारलेली हाक.
अक्कि: कन्नडमध्ये तांदूळ. मराठी कानाला अक्काचे लाडके नाव.

आता दोन नियम एकत्र ठेवा. आजीला उशीसाठी कापूस हवा आहे. 'कापूस' हा शब्द कालच गेला. ती 'हत्ति' पुटपुटत घडी घालते. मांडा खाते पुण्याहून नुकती लग्न होऊन आलेली धाकटी सून, जिला कन्नडचे अक्षर येत नाही. मांडा खाणाऱ्याची भाषा ऐकतो. शहापूरच्या माजघरात हत्ती उभा राहतो. तोच मांडा शेजारच्या नीलव्वा अज्जीने खाल्ला असता तर कापूस आला असता, आणि कादंबरीची सोडवणूक तिथेच दडलेली आहे. हत्ती कुठून तरी टपकला नाही, आधी सांगितलेल्या दोन नियमांनी आणला. असा प्रसंग मूल दुसऱ्यांदाही हसत वाचते.

किंमत वाढत जावी. आधी वस्तूंची नावे, मग कामांची, मग माणसांची. आजीच्या दहा वर्षांच्या नातीच्या, निमाच्या, लक्षात येते की आजी काल 'अण्णा' शब्दावर अडखळली. आजीने आणखी घड्या घातल्या तर एक दिवस 'निमा' जाईल. इथून कादंबरीत काळजी शिरते, आणि ती मांड्यांतूनच शिरते, वेगळा खलनायक लागत नाही.

परतीची वाटही आत्ताच ठरवा. गेलेला शब्द जादूने परत येत नाही, कुणी शेजारी बसून शिकवला तरच नव्याने येतो. एका दिवसात दोन-तीनच. शेवटाला हे लागणार आहे.

तपासणी: प्रत्येक कन्नड शब्द कन्नड घरात वाढलेल्या माणसाकडून तपासून घ्या, तोही बेळगाव-धारवाड भागातल्या. शब्दकोशातला शब्द आणि बाजारातला शब्द वेगळे असू शकतात. कन्नडमधला ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' देवनागरीत नीट उतरत नाही, म्हणून त्या उच्चारावर बेतलेला विनोद टाळा.

इशारा: कन्नड बोलणारे पात्र हसण्यापुरते आणू नका. दोन्ही भाषांतली माणसे सारखीच शहाणी आणि सारखीच हट्टी हवीत, आणि गोंधळ शब्दांचा हवा. सीमावादावरची भाषणे मुलांच्या गोष्टीत घालू नका. नीलव्वा अज्जी आणि आजी चाळीस वर्षे एकमेकींना चटणी देत-घेत आल्या आहेत, एवढे दाखवले की पुरे.

## टप्पा ४: माणसे

पाच ते सात. त्यापुढे मुलाला नावे लक्षात राहत नाहीत. प्रत्येकासाठी घरवहीत तीन ओळी: हट्ट कसला, भीती कसली, बोलायची लकब कशी.

विक्षिप्तपणा म्हणजे वेडेवाकडे कपडे आणि डोक्यावर पातेले नव्हे. विक्षिप्त माणसाचे स्वतःचे एक तर्कशास्त्र असते आणि ते तो कसोशीने पाळतो. काका घड्याळ वापरत नाहीत, कारण त्यांच्या मते वेळ शेजाऱ्यांची असते. म्हणून ते रोज शेजारी जाऊन वेळ विचारतात आणि उशीर झाला की शेजाऱ्यांना रागावतात. अण्णा छत्री घरात उघडून बसतात, कारण एकदा मांड्यातून नुसता पावसाचा आवाज आला होता आणि पाऊस अजून यायचा आहे. असे कारण लिहिता आले नाही तर ते वैशिष्ट्य खोडा. आणि पात्राने स्वतःला कधीच गमतीदार समजू नये. काका हसत हसत विनोद करायला लागले की वाचकाचे हसू थांबते.

घरात दोन साधी माणसे हवीतच. एक मूल, ज्याच्या नजरेतून गोष्ट कळते. दुसरे नवे आलेले माणूस, ज्याला सगळे समजावून सांगावे लागते. इथे धाकटी काकू. घराण्याचे नियम वाचकाला काकूच्या प्रश्नांतून कळतात, लेखकाला व्याख्यान द्यावे लागत नाही.

नाती आणि हाका पक्क्या ठेवा. काकू सासूला 'आई' म्हणते, निमा 'आजी' म्हणते, नीलव्वा 'अक्का' म्हणते. धाकट्या भावाला सगळे 'तम्मा' म्हणत असतील तर तो शेवटपर्यंत तम्माच. मधेच खरे नाव आले की मूल मागची पाने उलटते.

## टप्पा ५: आराखडा

वीस ओळींचा कागद घ्या, एका प्रकरणाला एक ओळ. दोन ओळींच्या मध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसते का पाहा. 'आणि मग' बसत असेल तर ते प्रकरण सैल आहे, उचलून कुठेही ठेवता येईल, म्हणजे काढता येईल.

ढोबळ जागा: पहिल्या प्रकरणात घर आणि एक लहान, पूर्ण झालेली जादू. तिसऱ्यापर्यंत सगळे नियम. पाचव्यात पहिली मोठी चूक. दहाव्यात किंमत कळते. पंधराव्यात घराणे फुटते, प्रत्येक जण आपापल्या परीने उपाय करतो आणि गोंधळ वाढतो. अठराव्यात निमा स्वतःच्या डोक्याने मार्ग काढते. मोठ्यांनी येऊन सोडवले तर मुलांना फसवल्यासारखे वाटते, हे विसरू नका.

बाहेरच्या वाचकासाठी एक पेरणी लागते. बेळगावचे मूल 'हत्ति' ऐकताच हसेल. कोल्हापूर-पुण्याचे मूल अर्थ न कळल्याने नुसते बघत राहील. म्हणून चौथ्या प्रकरणात नीलव्वा अज्जी गादी भरताना 'हत्ति' मागते आणि निमा कापूस देते, एवढे दोन ओळींत सहज येऊ द्या. हत्ती सहाव्यात येईल. कंसात अर्थ किंवा तळटीप दिली की विनोद मेला.

## टप्पा ६: प्रकरण लिहिणे

आता लिहायला बसा, रोज एक प्रसंग. मागचे सुधारायला परत जाऊ नका, घरवहीत खूण करून पुढे चला.

हसू कुठून येते ते दोन नमुन्यांत पाहा. पहिला, जसा बहुतेक वेळा लिहिला जातो:

'आणि काय गंमत! अचानक घरात भलामोठा हत्ती आला! सगळे घाबरून इकडेतिकडे पळू लागले. नुसती धमाल उडाली!'

दुसरा:

'हत्ती माजघरात मावत नव्हता, म्हणून तो अर्धा सोप्यात होता. आजीने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "मी उशीपुरताच मागितला होता," ती म्हणाली. काकूने हातातल्या रिकाम्या ताटलीकडे बघितले. "आई, मी अर्धाच मांडा खाल्ला असता तर लहान आला असता का हो?" "दाराचा विचार करून खायचं असतं," काका म्हणाले.'

दुसऱ्यात कुणी हसत नाही, कुणी पळत नाही. प्रत्येक जण आपापल्या तर्काने अडचणीशी वागतो. 'मावत नव्हता' हे नकाशातून आले, 'अर्धाच मांडा' नियमाच्या पानावरून. 'गंमत', 'धमाल', 'मज्जा' हे शब्द आणि उद्गारचिन्हे हस्तलिखितात शोधून काढून टाका. हसायचे कुठे ते वाचकाला सांगावे लागत असेल तर प्रसंगच परत लिहावा लागेल.

शब्दांच्या घोळाचा संवाद आखूड ठेवा. आजी म्हणते, 'कायि आण.' निमा विचारते, 'काय आणू?' 'कायि!' 'तेच विचारतेय, काय?' इथे थांबा. पुढच्या ओळीला तम्मा मुकाट्याने नारळ आणून ठेवतो. चौथ्यांदा तीच फिरकी घेतली की मूल पान उलटते. एकच घोळ पूर्ण कादंबरीत तीनदा आणा, प्रत्येक वेळी परिणाम मोठा, आणि तिसऱ्या वेळी तो उपयोगी पडू द्या.

बोलीचे प्रमाण हा नेहमीचा प्रश्न. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद घरच्या वळणाचे. 'काय करायलीस गं?', 'बसा की वो', 'व्हय की' अशी वाक्ये मोठ्या माणसांच्या तोंडी शोभतात. प्रत्येक ओळीत 'की वो' घातले तर ते नक्कल केल्यासारखे होते. आजीची बोली, काकूची पुणेरी आणि निमाची शाळेतली मराठी एकमेकींपासून वेगळी ऐकू आली की झाले. नाव झाकून वाक्य वाचा. कोण बोलले ते कळले पाहिजे.

जागा मोकळ्याही सोडा. दहाव्या प्रकरणात आजी दारात उभी राहून दाराला काय म्हणायचे ते आठवत असते, तेव्हा विनोद करू नका. निमा शेजारी येऊन हळूच 'दार' म्हणते आणि आजी तो शब्द तोंडात घोळवते, एवढेच लिहा. त्या पानावर हसवायला गेलात तर पुढची दहा प्रकरणे पोकळ होतील.

तपासणी: प्रत्येक प्रकरणाखाली पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा. कोणता नियम वापरला? कोणता शब्द गेला? कोण काय मागत होते? एकही उत्तर रिकामे असेल तर प्रकरण पुढे ढकलू नका. गेलेल्या शब्दांची यादी वेगळी ठेवा. 'मीठ' दुसऱ्या प्रकरणात गेले असेल आणि नवव्यात आजी 'मीठ' म्हणाली, तर मुले ते पकडतातच.

## टप्पा ७: मोठ्याने वाचन

कच्चा खर्डा पूर्ण झाल्यावर दोन आठवडे बाजूला ठेवा. मग पाच-सहा मुलांना वाचून दाखवा, ९ ते ११ वयाची. स्वतःच्या घरातले मूल मोजू नका, ते तुमच्याकडे बघून हसते. शक्य झाले तर दुसऱ्याला वाचायला द्या आणि आपण मागे बसून खुणा करा: हसले तिथे फुली, हलले-चुळबुळले तिथे आडवी रेघ, प्रश्न विचारला तिथे वर्तुळ.

वाचून झाल्यावर 'आवडली का?' असे विचारू नका. 'आता पुढे काय होईल?' असे विचारा. नियम समजले असतील तर मुले नियमांतूनच उत्तर देतात: 'नीलव्वा अज्जीला खायला द्या ना मग!' हे उत्तर बाराव्या प्रकरणातच आले तर तुमची सोडवणूक फार उघडी आहे. कुणालाच सुचले नाही, पण शेवटी सगळे 'अरे हो!' म्हणाले, तर जागेवर आहे.

एका बैठकीत बेळगावातली मुले, दुसऱ्या बैठकीत कन्नड कानावर न पडलेली मुले घ्या. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथल्या साहित्य संमेलनांत वाचायची संधी मिळाली तर जरूर वाचा, पण तिथे श्रोते बहुतेक मोठे असतात. त्यांच्या टाळ्यांवरून मुलांचा अंदाज बांधू नका.

सलग दोन रेघा पडलेला मजकूर सुधारत बसू नका, कापा. पहिल्या खर्ड्यातले दहा टक्के तरी जावे लागतात, आणि जाणारा भाग बहुधा पहिल्या तीन प्रकरणांतला, तुम्हाला सर्वांत आवडलेला असतो.

## टप्पा ८: छपाईला देताना

पुस्तक फर्म्यांत, म्हणजे मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या संचांत, छापले जाते. इथे एक फर्मा १६ पानांचा धरला आहे. मोठ्या टाइपात पानाला २२० शब्द धरले तर २२ हजार शब्दांना १०० पाने. प्रकरणांच्या शेवटी सुटणाऱ्या जागेला १०, चित्रांना १०, सुरुवातीच्या पानांना ६. एकूण १२६, म्हणजे ८ फर्म्यांच्या १२८ पानांत बसते. १३० झाली तर नवा फर्मा लागतो आणि खर्च वाढतो. त्यापेक्षा दोन पाने आधीच कापलेली बरी.

चित्रकाराला हस्तलिखिताबरोबर घराचा नकाशा आणि माणसांच्या तीन ओळी द्या. हत्ती अर्धा सोप्यात असेल तर चित्रातही अर्धा सोप्यातच हवा. आणि मांडा पुरणपोळीसारखा गोल काढला जातो, तिकडे लक्ष ठेवा. तो घडी घातलेला चौकोनी आहे, आणि सगळी गोष्ट त्या घडीवर उभी आहे.

मजकूर युनिकोडमध्ये द्या. छापखान्यात तो दुसऱ्या फाँटमध्ये बदलला की काही अक्षरे हमखास फुटतात. मुद्रित (प्रूफ) आल्यावर आधी ही तपासा: 'दऱ्या' आणि 'दर्या', 'ॲ' आणि 'ऑ', आणि कन्नड शब्दांतल्या शेवटच्या ऱ्हस्व वेलांट्या. चांगला मुद्रितशोधक 'हत्ति' पाहिल्यावर हमखास 'हत्ती' करून ठेवतो. अशा सगळ्या शब्दांची यादी पहिल्या मुद्रिताबरोबरच त्याच्या हातात द्या, पान क्रमांकांसह.